बिबवेवाडी, गट क्रमांक चार

१८ फेब्रुवारी, राखेचा बुधवार

आज उपवासकाळ सुरू झाला. पाळकसाहेबांनी उपदेशात सांगितलं, की चाळीस दिवस प्रत्येकाने एक वही करावी आणि आपण आत्म्याने कुठे वाढलो ते प्रामाणिकपणे लिहावं. वही कोणाला दाखवायची नाही. अर्ध्या मंडळीने माना डोलावल्या. ते लिहिणार नाहीत. मी मान डोलावली नाही आणि येताना वही घेऊन आले.

वहीला माझी ओळख करून द्यायची गरज नाही, पण शिस्त म्हणून: हेमा अमोलिक, वय चौसष्ट, अविवाहित, तेहतीस वर्षं नववी-दहावीला भूमिती. लोक या दिवसांत मटण सोडतात, गोड सोडतात. मला दोन्हीचं फारसं नाही, म्हणजे सोडण्यात पुण्यही नाही. म्हणून यंदा मी टोमणे सोडले आहेत.

भक्ती संपल्यावर पाळकसाहेबांनी दुसरी घोषणा केली. आपण रविवारी फक्त एकमेकांच्या पाठी बघतो, हे त्यांना पटत नाही. म्हणून आता भागाभागाचे गट. दर शुक्रवारी संध्याकाळी एकाच्या घरी प्रार्थना, शास्त्रवाचन, चहा. "एकमेकांच्या आयुष्यात शिरा," म्हणाले. आमच्या मंडळीला हे मुद्दाम सांगायची गरज नव्हती. (हा टोमणा नाही, निरीक्षण आहे.)

बिबवेवाडीचा गट क्रमांक चार असा: वेणूबाई, वय एकोणऐंशी, कानाने कमी, आवाजाने जास्त. तेजस आणि नम्रता साळवे, नवीन जोडपं. तो हिंजवडीला कॉम्प्युटरमध्ये, ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये. महिपती शेलार, बसचे निवृत्त कंडक्टर. आणि मी. जागा माझं घर, कारण माझा तळमजला आणि वेणूबाईंचे गुडघे.

शेलारांबद्दल एवढंच लिहिते, की चर्चमध्ये तिसऱ्या बाकावरचा पंखा मी आठ वर्षं बंद करते आहे आणि ते आठ वर्षं चालू करताहेत.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

पहिली सभा झाली. पाच माणसं, सहा कप (एकाचा कान तुटलेला आहे, तो मी शेलारांना दिला. योगायोगाने).

शास्त्रपाठ तेजसने वाचला. तो इंग्रजी माध्यमाचा. जोडाक्षर आलं की ब्रेक लावतो, खाली उतरून बघतो आणि मग पुढे निघतो. बारा ओळींना अकरा मिनिटं लागली.

मग वेणूबाईंची प्रार्थना. त्या डोळे मिटतात आणि दोन्ही हात वर करतात. "हे प्रेमळ बापा, तू सगळं जाणतोस. तू जाणतोस, महिपतीची साखर परवा दोनशे ऐंशी आली आणि तरी त्याने जिलबी खाल्ली. तू जाणतोस, नम्रताच्या सासूबाईंनी पाठवलेली साडी तिने कोणाला दिली..." इथे नम्रताने डोळे उघडले. वेणूबाई देवाला नेमक्या त्या गोष्टी सांगतात, ज्या देवाला आधीच माहीत असतात आणि शेजाऱ्यांना नसतात.

चहा ओतताना नम्रताने ऐन वेळी कप हलवला, त्यामुळे अर्धा चहा टेबलावर गेला. ती म्हणाली, "सॉरी, मिस, माझंच चुकलं." चूक कबूल करते, हे चांगलं आहे.

२२ फेब्रुवारी, रविवार

आज लिहिणार नव्हते, पण प्रामाणिकपणा म्हणजे प्रामाणिकपणा.

भक्तीच्या शेवटी सूचना वाचण्याचं काम माझं. सूचनांचा कागद शेलार लिहितात, कारण कमिटीत ते चिटणीस. मी वाचलं: "या बुधवारी सर्व मंडळीचा उपहास करण्यात येईल." मागच्या बाकावर कोणीतरी फुसकन हसलं. शब्द 'उपवास' होता. मी खाकरून पुढे गेले: "ईस्टरच्या दिवशी दुपारी चर्चच्या आवारात भीतिभोजन होईल. प्रत्येकाने आपापला डबा आणावा."

यानंतर खुद्द पाळकसाहेबांनी रुमाल तोंडाला लावला.

प्रीतिभोजन. बारशापासून प्रीतिभोजनं जेवते आहे मी. पण शेलारांचं अक्षर म्हणजे बसमध्ये उभ्याने पंच केलेलं तिकीट, आणि वाचनाच्या चौथऱ्यावरची ट्यूब तर गेल्या वर्षीपासून मरतुकडी झाली आहे. दोन्ही गोष्टी मी त्यांना तिथल्या तिथे सांगितल्या.

टोमणे सोडल्याला चार दिवस झाले. आज बहुधा सुट्टी पडली.

१ मार्च, रविवार

शेलारांनी स्वतः शिडीवर चढून नवी ट्यूब बसवली म्हणे. उजेडात काडीचा फरक नाही. हल्ली मालच असा येतो. सूचना मात्र त्यांनी बसच्या पाटीएवढ्या अक्षरांत लिहून आणल्या होत्या. दोन सूचनांना चार कागद. मी म्हटलं, "शेलार, ही मंडळी आहे की डेपो?" त्यांनी कागद नीट जुळवून खिशात ठेवले. ते बोलत नाहीत तेव्हा जास्त राग येतो.

३ मार्च, मंगळवार

स्वारगेटला एक किरकोळ प्रकार झाला.

मी चौकात उभी होते. बिबवेवाडीची बस येताना दिसली, म्हणून हात केला आणि एक पाऊल पुढे गेले. ती बस नव्हती. म्हणजे बसच होती, पण कोणत्या तरी कंपनीची, आणि ती थांबायला येत नव्हती. मागून कोणीतरी माझी पर्स अशी ओढली, की मी पर्ससकट फुटपाथवर. वळून ओरडणार, तर शेलार. रस्ताभर ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "अहो अमोलिकबाई! मराया निघालात का? एवढी मोठी गाडी दिसली न्हाई?"

मी म्हटलं, "दिसली म्हणूनच हात केला."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग आमची बस आल्यावर त्यांनी मला आधी चढवलं, शेजारी बसले, आणि त्यांचा थांबा गेला तरी उतरले नाहीत. माझ्या फाटकापर्यंत आले. म्हणाले, डॉक्टरांनी चालायला सांगितलं आहे. साखरेचं दिसतंय.

मी आभार मानले नाहीत. पर्सचा बंद तुटला आहे.

६ मार्च, शुक्रवार

सभा बरी झाली. पण निरोप घेतल्यावर हे चौघं फाटकाशी वीस मिनिटं कुजबुजत उभे होते. वेणूबाईंचं कुजबुजणं पार्किंगपर्यंत जातं, पण नेमके शब्द कळले नाहीत. 'हेमा' आणि 'दुपारी' एवढंच.

मग तेजस एकटा परत आला. "मिस, एक रिक्वेस्ट होती. मला मराठी वाचायला शिकवाल? प्रॉपर. मी दुपारी येऊ शकतो. रोज."

"रोज? आणि तुमची कंपनी?"

"वर्क फ्रॉम होम आहे, मिस."

कोणाच्या होममधून, हे कंपनीने सांगितलेलं दिसत नाही. पण शिकण्याची इच्छा असलेला मुलगा मला शेवटचा भेटला त्याला बरीच वर्षं झाली. हो म्हटलं. फाटकापाशी नम्रता थांबली होती, तिने माझे दोन्ही हात धरले. डोळ्यांत पाणी. "मिस, तुमचे उपकार विसरणार नाही." जोडाक्षरांसाठी एवढं? इंग्रजी माध्यमाने काय नुकसान केलं आहे, याची आज कल्पना आली.

पाळकसाहेब म्हणतात, वाढ म्हणजे दुसऱ्यासाठी जागा करणं. ती मी करते आहे, असं नम्रपणे नोंदवते.

१३ मार्च, शुक्रवार

आठवडाभर तेजस रोज दोनला हजर. पाचपर्यंत बसतो. एवढा उत्साही विद्यार्थी मी पाहिला नाही. शास्त्रपाठ झाला की वर्तमानपत्र उचलतो, पहिल्या पानापासून निधनवार्तांपर्यंत. परवा लाइटचं बिल आलं, तेही मोठ्याने वाचलं. काल माझ्या गोळ्यांची पाकिटं घेऊन बसला आणि म्हणाला, "मिस, ही सकाळची तुम्ही रात्रीच्या डबीत ठेवली आहे." अभ्यासक्रमात नव्हतं, पण शाबासकी दिली.

एक गोष्ट मात्र कळत नाही. हिंजवडीचे लोक श्वास घ्यायलाही मीटिंग लावतात असं ऐकलं होतं. याचा फोन एकदाही वाजत नाही. लॅपटॉपची बॅग रोज आणतो, कधी उघडत नाही. मी विचारलं तर म्हणाला, "हल्ली लोड कमी आहे." आणि पोह्यांची दुसरी बशी संपवली. नम्रता घरी खायला घालत नसावी. एकदा बोललं पाहिजे तिच्याशी.

२० मार्च, शुक्रवार

अक्षर आधीच वाकडं येतं, तरी लिहिते.

सभा नेहमीसारखी चालू होती. तेजसने आज जोडाक्षरांना फक्त दोनदा ब्रेक लावला. मी त्याचं कौतुक केलं, स्वतःचंही थोडं केलं. मग वेणूबाई प्रार्थनेला उभ्या राहिल्या. डोळे मिटून, हात वर.

"हे बापा, आमच्या हेमावर दया कर. तिचे डोळे गेलेत, पण तिला ते कबूल नाही. तिचा स्वभाव तुला ठाऊकच आहे, तूच केलास. त्या दिवशी स्वारगेटला महिपतीने ओढली नसती तर आज आपण तिच्या फोटोपुढे बसलो असतो. आणि बापा, हा तेजस गुणी पोरगा, शिकायचं निमित्त करून रोज तिला वाचून दाखवतो. एवढं कर, तिला काही कळू देऊ नकोस. आमेन."

कोणी आमेन म्हटलं नाही.

वेणूबाईंनी डोळे उघडले आणि सगळ्यांकडे पाहिलं. "काय झालं? मी मोठ्याने बोलले का?"

मी उठले. म्हटलं, "चहा आज मिळणार नाही. फाटकाची कडी नीट लावून घ्या." तेजस काहीतरी बोलायला लागला. त्याला म्हटलं, "तुला वाचता येतं ना? मग दारावर 'या' लिहिलेलं नाही, तेही वाच."

२२ मार्च, रविवार

चर्चला गेले नाही. एकवीस वर्षांत पहिल्यांदा.

मी समजत होते मी शिकवते आहे, आणि वर्ग मला सांभाळत होता.

२३ मार्च, सोमवार

दोनला बेल वाजली. उघडलं नाही. पुन्हा वाजली नाही.

खिडकीतून पाहिलं तर पायरीवर कोणीतरी निळं पोतं आणून ठेवलं होतं. सोसायटीवाल्यांना काही ताळतंत्र नाही. कोणाचं पोतं, कोणाची पायरी! तीन तास ते तिथेच. मनात म्हटलं, उद्या चेअरमनकडे तक्रार करते.

पाच वाजता पोतं उठलं, बॅग खांद्याला लावली आणि फाटकाकडे चालत गेलं.

चेअरमनकडे जायचं कारण उरलं नाही.

२४ मार्च, मंगळवार

आज दोनच्या आधीच दार उघडं ठेवलं.

तेजस उंबऱ्यात उभा राहिला. मी म्हटलं, "दया करायला दुसरं कोणी मिळालं नाही का?"

"मिस, मला खरंच 'ज्ञ' येत नाही." एवढंच बोलला. मी त्याला आत घेतलं. पाटीवर पन्नास वेळा काढायला लावला.

तो काढत असताना मला काय झालं माहीत नाही, मी सगळं सांगून टाकलं. दिवाळीतच डॉक्टरांनी तपासलं होतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजवा चांगलाच पिकलेला. ऑपरेशन वीस मिनिटांचं. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "मावशी, सोबत कोण येणार? घरी दिवसातून चार वेळा थेंब कोण घालणार?" मी म्हटलं, बघून सांगते. तेव्हापासून बघते आहे. भाऊ गेला. भाची कॅनडात. शेजारी चांगले आहेत, पण जिन्यावर हसण्यापुरते. तेहतीस वर्षांत हजारो मुलं हाताखालून गेली, आणि त्या मुलीला सांगायला माझ्याकडे एक नाव नव्हतं. त्यापेक्षा ट्यूबला नावं ठेवणं सोपं होतं.

तेजसने पेन्सिल खाली ठेवली. "एवढंच?"

"एवढंच म्हणजे?"

"म्हणजे, मिस, चार वेळा थेंब. आम्ही चार जण आहोत."

भूमितीच्या बाईला भागाकार शिकवला पोराने.

तेजसने माझ्याच फोनवरून दवाखान्यात शुक्रवारची तारीख घेतली. संध्याकाळी नम्रताने लॅबमधून येता येता माझं रक्त घेतलं. शेलारांचा फोन आला: "शुक्रवारी सकाळी सात-वीसला रिक्षा घेऊन येतो. सात-वीस म्हंजे सात-वीस." वेणूबाई फोनवर रडल्या. मी म्हटलं, "रडू नका, पण यापुढे प्रार्थना मनात करा." त्या म्हणाल्या, "मनात केली तर देवाला ऐकू जाईल का गं? त्याचंही वय झालं."

२७ मार्च, शुक्रवार

(आजची नोंद तेजसच्या हाताने. मी सांगते, तो लिहितो. ऱ्हस्व-दीर्घाची जबाबदारी त्याची.)

सात-वीसला रिक्षा आली. दोन रिक्षा आल्या, कारण चौघंही आले. दवाखान्यात सिस्टर म्हणाली, नातेवाईक एकच थांबा. कोणी हललं नाही. तिने शेलारांना विचारलं, तुम्ही कोण? ते म्हणाले, "भाऊ." वेणूबाईंना विचारलं. "आई." नम्रता म्हणाली, "सून." तेजस म्हणाला, "विद्यार्थी." सिस्टर म्हणाली, विद्यार्थी बाहेर बसा. तो बाहेर बसला. (मिस म्हणतायत हे लिहू नको. पण मी बाहेर बसलो होतो, सो लिहिलं.)

ऑपरेशन व्यवस्थित झालं. उजव्या डोळ्यावर पट्टी आहे. शेलारांनी दुपारी बारीक वरण-भात केला. मीठ जास्त होतं. (मिसने दोनदा घेतला.) शुक्रवार असल्यामुळे सभा इथेच, माझ्या पलंगाभोवती झाली. वेणूबाईंनी मनात प्रार्थना केली. सगळ्या खोलीला ऐकू आली.

मला लिहून घे म्हणायचं होतं, की मी सगळ्यांची

(मिस इथे थांबल्या. पुढे काही सांगितलं नाही. रात्रीच्या गोळ्यांची वेळ झाली होती. — तेजस)

२९ मार्च, झावळ्यांचा रविवार

पट्टी काल निघाली. डावा डोळा अजून धुक्यात, पण उजव्याने दिसतं. काय काय दिसतं! घराच्या कोपऱ्यांत जळमटं. पडदे पांढरे समजत होते, ते पिवळे आहेत. आरशात एक म्हातारी. तिला मी आधी ओळखलं नाही, नंतर ओळख दाखवावी लागली. शेलारांच्या हनुवटीवर भाजल्याचा डाग आहे. आठ वर्षं भांडते आहे, चेहरा आज पाहिला.

थेंबांचं वेळापत्रक त्यांनी दारामागे लावलं आहे. वेणूबाईंचा नेम नाकात लागतो, म्हणून त्यांना आता फक्त देखरेख दिली आहे. मी विचारलं, "शेलार, डाग कसला?" म्हणाले, "बायको आजारी असताना स्वयंपाक शिकलो. सात वर्षं केला." मला त्यांना बायको होती हेसुद्धा नीट माहीत नव्हतं. चर्चमध्ये ते एकटे पंख्याखाली बसतात, एवढंच माहीत होतं.

त्यांना पर्स दाखवून म्हटलं, "त्या दिवशीचे आभार मानायचे राहिले होते." ते म्हणाले, "राहू द्या. बंद शिवून आणतो."

३१ मार्च, मंगळवार

दोनला तेजस आला आणि मी त्याला पहिल्यांदा नीट पाहिलं.

इतके दिवस एक आकृती येत होती, तिला आवाज होता. आज मुलगा आला. दाढी वाढलेली. डोळ्यांखाली काळं. शर्ट स्वच्छ, पण कॉलर विरलेली. थेंब घालताना त्याची बॅग खुर्चीवरून घसरली आणि उघडली. आत छत्री, डबा, आणि घडी घातलेली चादर. लॅपटॉप नव्हताच.

भूमितीत पक्ष आणि साध्य आधी लिहून घेतात. मी मनात लिहून घेतलं. दुपारी मोकळा. फोन वाजत नाही. पोह्यांच्या दोन बश्या. तीन तास पायरीवर.

"नोकरी कधी गेली?"

थेंबांची बाटली त्याच्या हातात होती. तो खाली बसला. "जानेवारीत, मिस. आमची पूर्ण टीम काढली." नम्रताला त्याने सांगितलेलंच नाही; दुपारनंतर वर्क फ्रॉम होम असतं, अशी थाप मारली आहे. सकाळी साडेआठला डबा घेऊन निघतो. बागेत बसतो, ग्रंथालयात बसतो. फोन बंद ठेवतो, न जाणो मित्राचा आला तर. पूर्वी बसमध्ये शेवटपर्यंत जाऊन परत यायचा. "मग तुमच्याकडे यायला लागलो. मिस, दोन ते पाच एवढाच वेळ मी... म्हणजे तेव्हा मला वाटायचं, मी कोणाच्यातरी उपयोगाचा आहे."

आणि मी दारावर काय लिहिलेलं नाही ते त्याला वाचायला सांगितलं होतं.

तो रडला. मी पोहे भिजवले. मग म्हटलं, "नम्रताला सांगायचं. तूच सांगायचंस. पण मी बरोबर येते."

"मिस, ती कोसळेल."

"मग उचलू. चौघं आहोत."

१ एप्रिल, बुधवार

संध्याकाळी काळा चष्मा लावून मी तेजसबरोबर त्यांच्या घरी गेले. तिसरा मजला, लिफ्ट नाही. नम्रताने दार उघडलं. आत वेणूबाई भाजी निवडत बसल्या होत्या आणि शेलार गॅसपाशी उभे होते. तीन मजले वेणूबाई कशा चढल्या, हे विचारायची वेळ नव्हती.

तेजसने चप्पलही काढली नाही. "नम्रता, मला एक सांगायचंय. माझा जॉब गेला. जानेवारीत."

नम्रता म्हणाली, "माहीत आहे रे."

तिला सहा फेब्रुवारीपासून माहीत होतं. त्याच्या ऑफिसातल्या कोणाच्यातरी बायकोने तिला दुकानात गाठून हळहळ व्यक्त केली होती. ती वाट बघत होती, त्याने आपण होऊन सांगावं म्हणून. रोज डबा भरत होती. "विचारलं असतं तर तू आणखी एक खोटं बोलला असतास. मग ते पण मला सांभाळावं लागलं असतं." शेवटी न राहवून ती वेणूबाईंकडे गेली. वेणूबाईंनी शेलारांना बोलावलं. आणि मग स्वारगेटचा प्रकार झाला.

मी खुर्ची ओढून बसले. "थांबा. म्हणजे तेजसला माझ्याकडे पाठवलं ते मला वाचून दाखवायला, की मी त्याला सांभाळावं म्हणून?"

नम्रता शेलारांकडे बघायला लागली. शेलारांनी गॅस बारीक केला. "त्याला सांगितलं, बाईंना दिसत न्हाई, तू जा. आणि तुमच्याकडे पाठवला, कारण पोरगं उन्हातान्हात बागेत बसतंय हे हिला बघवंना. खोटं कुणालाच न्हाई सांगितलं. दोघांनाही निम्मं-निम्मं सांगितलं."

सहा मार्चला नम्रताने माझे हात धरले होते, ते जोडाक्षरांसाठी नव्हते.

मग मला आठवलं. "वेणूबाई, माझे डोळे तुम्ही साऱ्या गटासमोर देवाला सांगितलेत. याचं कसं तोंडातून गेलं नाही? इतके आठवडे?"

त्या भाजी निवडत राहिल्या. "तुझे डोळे म्हणजे बातमी होती गं. सगळ्यांना दिसतच होती. पोराचं दुखणं होतं. दुखणं मी घरी, दार लावून सांगते."

तेजस अजून दारातच उभा होता. नम्रताने त्याच्या खांद्यावरची बॅग उतरवली, त्यातला डबा काढला आणि धुवायला टाकला. "उद्यापासून घरी जेवायचं," म्हणाली.

मी वेणूबाईंना वीस वर्षं बडबडी म्हणत आले. त्यांच्या शेजारी बसून मेथी निवडली.

३ एप्रिल, उत्तम शुक्रवार

वधस्तंभाच्या भक्तीत दुःखसहनाचा पाठ गेली बावीस वर्षं मी वाचते. यंदा वाचता आला असता. एका डोळ्याने दिसत होतं. पाळकसाहेबांना म्हटलं, तेजस वाचेल.

तो तिथे उभा राहिला तेव्हा मला दहावीच्या निकालासारखी धडधड. दोन ठिकाणी अडला. तिसऱ्या ठिकाणी अडला, तो अक्षरासाठी नाही. कोणी हसलं नाही. मी ओठांनी शब्द सांगत होते, आणि लक्षात आलं, की माझ्या शेजारी शेलारही सांगत होते.

५ एप्रिल, ईस्टर

पहाटेच्या भक्तीला पाचही जण एका बाकावर. पाळकसाहेबांनी विचारलं, वहीत काय लिहिलंत? म्हटलं, दाखवायची नाही असं तुम्हीच सांगितलंत. चाळीस दिवस संपले. वहीची पानं अजून शिल्लक आहेत, वाया कशाला घालवा.

९ एप्रिल, गुरुवार

तेजसला हिंजवडीला मुलाखतीचं बोलावणं आलं. तो म्हणाला, एकटा जातो. शेलार म्हणाले, दोन बस बदलाव्या लागतात, मी रस्ता दाखवतो. त्या रस्त्याने पोरगा चार वर्षं रोज गेला होता. नम्रताने अर्धी सुट्टी टाकली. वेणूबाई निघाल्या, कारण त्यांना थांबवेल असं कोणी गटात नाही. मी गेले, कारण पाच जणांचं बिऱ्हाड निघाल्यावर मागे कशाला राहायचं?

कंपनीच्या फाटकावर रखवालदाराने तेजसला आत सोडलं आणि आम्हाला विचारलं, "तुम्ही कोणाकडे?" शेलार म्हणाले, "आत्ता जो आत गेला ना, त्याच्याकडे." तर बाहेरच थांबा म्हणाला. थांबलो. चहाच्या गाडीशेजारी, झाडाखाली, वर्तमानपत्र पसरून. भोवती गळ्यात पट्टे घातलेली शेकडो मुलं, सगळी मान खाली घालून चाललेली. त्यांतली किती जण बॅगेत चादर घेऊन फिरत असतील, असं मनात आलं.

एक तास झाला. वेणूबाई मला म्हणाल्या, "हेमा, आज तू प्रार्थना कर. माझ्याने बोलवत नाही." आजवर मी पुस्तकात छापलेल्याच प्रार्थना वाचल्या. रस्त्यावर, उघड्यावर, पाठ नसताना कधीच नाही. मी डोळे मिटले, आणि एवढंच आलं: "देवा, आमचा मुलगा आत गेला आहे." चहावाला आमेन म्हणाला.

दोन तासांनी तेजस बाहेर आला. चेहऱ्यावरून काही कळेना. आम्ही चौघंही उठून उभे राहिलो. वेणूबाईंना उठवायला दोघं लागले.

"झालं नाही अजून," तो म्हणाला. "दुसरा राउंड आहे. सोमवारी. पण आता तुम्ही येऊ नका हं, प्लीज. वरून सगळं दिसत होतं. त्यांनी मला विचारलं, खाली ती माणसं कोण आहेत."

"मग तू काय सांगितलंस?" नम्रताने विचारलं.

"सांगितलं, माझे घरचे आहेत."

शेलारांनी घड्याळ बघितलं. "सोमवारी गर्दी असती. सात-पाचची धरू."